धमन्या स्वच्छ

मी डॉक्टर नव्हे. मी तारा चिकटवायचे.
डंडीच्या इस्पितळात, तिसऱ्या मजल्यावर, चौतीस वर्षं:
छातीवर सहा, हातापायांना चार,
आणि आधी सांगायचं, जेल गार लागेल हं.

अशाच एका मंगळवारी जीनेट मॅकव्हिकार आली,
मार्मालेडच्या कारखान्यातली,
नखांत संत्र्याचा वास.
जबडा दुखतो म्हणाली, आणि पाठीवर
कुणी तापलेली इस्त्री विसरून गेलंय असं वाटतं.
छातीत? छातीत नाही गं, छाती बरी आहे.
कागदावर रेघ नेहमीसारखीच उमटली.
वरच्या डॉक्टरांनी लिहिलं: मनाचा ताण. घरी सोडावे.
तिला कोटाची बाही मीच धरून दिली.
बस बावीस नंबरची. बस शेवटच्या थांब्याला लागली,
जीनेट उतरली नाही.

एल्स्पेथ गेडिस तेव्हा नवी होती, सव्विशीची,
बुटांना कायम चिखल.
दुसऱ्या दिवशी तिनं माझ्याकडे तो कागद मागितला.
मी म्हटलं, त्यात काही नाही.
म्हणाली, तेच बघायचंय.

पुढे वर्तमानपत्रवाले विचारायचे,
तुमच्या आईला झालं होतं का?
नाही हो, आई नव्वदीची आहे, पत्त्यांत लबाडी करते.
त्यांना जखम हवी असायची. हिच्याकडे नुसते तक्ते:
सातशे बारा रुग्ण, सगळे पुरुष.
नऊशे चाळीस, सगळे पुरुष.
एका प्रयोगात तर उंदीरसुद्धा नर,
माद्यांच्या ऋतुचक्रानं आकडे बिघडतात, असं तळटीपेत.
ती तळटीप कापून तिनं चहाच्या कपाटावर डकवली.
वर्षानुवर्षं तिच्यावर डाग पडत गेले.

समितीनं दोनदा बढती नाकारली.
विषय अरुंद आहे, म्हणाले.
ती माझ्या खोलीत येऊन बसली,
हसत होती की काय कोण जाणे.
अरुंद तर आहेच गं सेंगा,
केसाएवढ्या नळ्यांचा आहे.
मोठ्या धमन्या स्वच्छ, ते सगळ्यांना दिसतं.
त्यांच्या पुढच्या बोळांत कुणी कंदील नेत नाही,
आणि बायका तिथंच मरतात.

मग आम्ही बोळ मोजायला लागलो.
पैसे संपले त्या हिवाळ्यात रक्ताच्या नळ्या
तिच्याच गाडीच्या डिक्कीत, बर्फाच्या पेटीत,
टे नदीवर धुकं, आणि ती शिव्या देत चालवतेय.
अकरा वर्षं. चार हजार बायका:
शिक्षिका, मासळी साफ करणाऱ्या, एक पाद्रीण,
एक दर खेपेला केक आणणारी, जी एका वर्षी आली नाही.
निघालं ते एवढंच, की रक्तातल्या एका प्रथिनाची
धोक्याची रेघ पुरुषाच्या मापानं आखली होती.
बायकांसाठी ती खाली ओढायला हवी.
बोटभर.
त्या बोटभरात तिचं एक लग्न गेलं
आणि डाव्या डोळ्याची बरीचशी नजर.

प्राध्यापक झाली तेव्हा सत्तावन्नची होती.
भाषणात तिनं जीनेटचं नाव घेतलं.
माझं घेऊ नको, असं मीच बजावलं होतं.
बाही मी धरली होती.

परवाच्या जानेवारीत माझाच जबडा दुखायला लागला.
तारा चिकटवणारा पोरगा नवा, कानात बाळी.
जेल गार लागेल हं, म्हणाला.
रेघ नेहमीसारखी. मला वाचता येते अजून.
मी उठले, सवयीनं कोट शोधायला लागले.
थांबा की, म्हणाला, रक्ताचा रिपोर्ट येऊ दे,
बायकांची रेघ वेगळी असते.
कुणी ठरवली रे? मी विचारलं.
त्यानं खांदे उडवले.
असतेच ती.

मी परत आडवी झाले.
कोट त्यानं खुंटीला अडकवला.