बारा बोटं

डॉक्टर इबाकाचे म्हणाले,
जठर संपतं तिथून पुढे बारा बोटं लांब,
म्हणून जुन्यांनी नावही तेच ठेवलं.
मी टेबलावर बोटं मांडून पाहिली.
दहाच भरली.
शेजारी बसलेल्या ओर्तेन्सियानं
न बोलता आपली दोन लावली.

एकेचाळीस वर्षं मी भट्टीपाशी काढली,
वाल्पाराइसोच्या टेकडीवर, बंदराकडे पाठ करून.
चार कप्प्यांचा पाव. मोडला की चौघांना पुरतो.
मी एकटाच खायचो, गरम,
भट्टीच्या तोंडाशी उभ्या उभ्या.
त्यानंच झालं असं नाही, यास्ना नर्स म्हणते,
इतकं सोपं नसतं ते.
आणि माझ्या मनगटावरचे भाजल्याचे डाग बघत
रक्तदाबाचा पट्टा गुंडाळते.

तोंडातून नळी. नळीच्या टोकाला फुगा.
फुग्यात उकळीच्या जरा अलीकडचं पाणी, दहा सेकंद.
जाड झालेलं अस्तर भाजून गळतं,
नवं येतं, साखरेशी नीट वागणारं.
येतं असं वाटतंय, डॉक्टर म्हणाले, तेच तर तपासायचंय.
मी विचारलं, तळ करपला तर?
अस्तराखाली आधी खारं पाणी सोडतात म्हणे,
ते उचललं जातं, धग खाली पोचत नाही.
हे मला लगेच कळलं.
आम्हीही पावाखाली मक्याचं पीठ भुरभुरतो.

सातव्या पानावर मात्र एक ओळ होती:
निम्म्यांना नुसतीच झोप.
नळी जाईल, फुगा फुगणार नाही.
कोणाला काय ते संगणक ठरवणार,
यास्नालाही कळणार नाही.
म्हणजे थंड भट्टीत पाव, ओर्तेन्सिया म्हणाली.
मी सही केली.
माझ्या बापाचा आधी डावा पाय गेला,
मग बाप.

जाग आली तेव्हा घसा खवखवत होता.
सगळ्यांचाच खवखवतो, यास्ना म्हणाली,
त्यावरून काही ओळखू नका.
चौदा दिवस सूप, दही, भोपळ्याची पेज.

ट्रॉलीबसच्या थांब्यावर नोल्फा भेटायची,
शाळेची व्हॅन चालवून थकलेली, त्याच चाचणीतली.
कोळणी भाव सांगतात तसे आम्ही आकडे सांगायचो.
माझा एकशे ऐंशीवरून एकशे बत्तीस.
तिचा हलेना.
तुझं खरं झालं, ती म्हणाली, मी रिकामी गेले.
बस येईपर्यंत मी बुटांकडे बघत राहिलो,
ताटातला शेवटचा पाव
मीच उचलल्यासारखा.

दहा महिन्यांनी पाकीट उघडलं.
माझा फुगा फुगलाच नव्हता.
नोल्फाचा फुगला होता.

राग आला. कोणावर, ते ठरेना.
मग माझी साखर उतरवली कोणी?
रुळांवरची लिफ्ट सोडून चढलेल्या
त्या एकशे साठ पायऱ्यांनी?
घासन् घास लिहिलेल्या वहीनं?
की बापाच्या पायानं?
डॉक्टर म्हणाले, एका माणसावरून काही सिद्ध होत नाही.
हे मात्र पटलं.
एका पावावरून पोत्याची परीक्षा करू नये,
हे मी किती पोरांना ओरडून सांगितलंय.

आता हवं तर खरं करून देतील.
सांगतो म्हटलं.
नोल्फाचा आठवडाभर फोन नाही.
मग एका रात्री आला:
माझ्या आत नवं अस्तर आहे, एलादियो,
आणि ते मला ओळखत नाही.
मी म्हटलं, थांब थोडी, पिठालाही वेळ लागतो.
म्हटलं खरं,
पण फसलेलं पीठही मी पुष्कळ फेकलंय.

काल पहाटे भट्टीवरच्या नव्या पोरानं
खिडकीतून एक पाव दिला.
ओर्तेन्सियानं चार कप्पे केले,
एक माझ्यापुढे ठेवला, तीन फडक्यात बांधले.
रात्री पोटावर हात ठेवून पडलो,
नाभीच्या वर, जरा उजवीकडे.
दहा बोटं.
ती झोपली होती.
बाकीची दोन सकाळी मागीन.