डावा कान

हडर्सफील्डच्या लोकरीच्या गिरणीत आता लोकर नाही.
तिसऱ्या मजल्यावर आम्ही सातजण आणि एक तट्टू.
तट्टूचं नाव डस्टी. उंची चोवीस ठिपके, रुंदी सोळा,
कपाळावर दिवा, आणि काम एकच:
कोळशाच्या खाणीत या फळीवरून त्या फळीवर उडी मारणं.
एकोणीसशे त्र्याण्णवपासून मारतंय.
येत्या नोव्हेंबरात त्याला नव्या यंत्रांवर उतरवायचंय.

माझ्या हुद्द्याचं नाव लांबलचक आहे.
आईला इचलकरंजीला फोनवर एवढंच सांगते:
उडी तपासते.
पगार देतात ना, ती विचारते.
देतात.

जुन्या जाड काचेच्या टीव्हीवर
बटण दाबलं की तट्टू उडायचं, तिथल्या तिथे.
नव्या टीव्हीला आधी विचार करायची सवय.
दाबणं आणि उडणं यांच्यामध्ये
पापणी लवण्याचा पाव हिस्सा जातो
आणि तेवढ्यात तट्टू खड्ड्यात.
तो पाव हिस्सा शोधण्यात माझे तीन महिने गेले,
तांदळातले खडे वेचावेत तसे.

हा खेळ कीथ बॅरक्लफने लिहिला,
चिप्सच्या दुकानावरच्या खोलीत, एकट्याने.
आता सदुसष्टचा आहे. बुटांच्या खोक्यात फ्लॉपी घेऊन आला,
त्यातल्या दोन वाचताच आल्या नाहीत.
सातवी खाण आम्ही कुणाच्यातरी जुन्या कॅसेटमधून उकरून काढली.
कोडच्या ओळींमध्ये त्याने स्वतःलाच चिठ्ठ्या लिहिलेल्या:
हे का चालतं माहीत नाही, हात लावू नकोस.
मोरीन म्हणते जेवायला चल.
मोरीन परत म्हणते.
त्यानंतर चारशे ओळी एकही चिठ्ठी नाही.

कंपनीला मागे फिरवायचं बटण हवं होतं.
पडलात की दहा सेकंद मागे,
पुन्हा पडलात की पुन्हा.
आमच्या गल्लीत अशा भिडूला कच्चा लिंबू म्हणायचे,
पळायचा सगळ्यांबरोबर, राज्य कधी यायचं नाही.
मी बरीच वर्षं कच्चा लिंबू होते.
ज्या दिवशी पहिल्यांदा खरीखुरी आउट झाले
त्या दिवशी घरभर सांगत फिरले.
हे कीथला सांगावंसं वाटलं,
पण त्या लिंबाचं इंग्रजी होईना.
बटण ठेवलं.

सही मोरीनचीही लागणार होती. चित्रं तिची,
आलेखाच्या कागदावर एकेक चौकोन रंगवून काढलेली.
घटस्फोटाला सव्वीस वर्षं झाली. व्हिटबीला असते,
गावाला जाणाऱ्यांची कुत्री सांभाळते.
कागद परत आले, सह्या जागच्या जागी,
आणि सोबत आलेखाचं एक चिठोरं: तट्टूचं डोकं,
डावा कान टोकापर्यंत.
खाली पेन्सिलीने: हा एक ठिपका मी तेव्हाच मागितला होता.

तो का मिळाला नाही ते मला माहीत होतं.
कान चोवीसच्या वर जायचा,
एका ठिपक्यासाठी अख्खी ओळ वाढायची
आणि ओळीला जागा नव्हती.
खरंच नव्हती. मी हिशोब करून पाहिला, दोनदा.

शिवाय लोकांना तो कान तसाच लागतो.
लीड्सच्या एका बसचालकाने दंडावर गोंदवून घेतलाय, तुटका.
म्हणून आम्ही सेटिंगमध्ये एक ओळ घातली:
कान – जुना किंवा पुरा.
आता जागाच जागा आहे.
मोठ्या पडद्यावर तो ठिपका माझ्या नखाएवढा दिसतो.

शुक्रवारी कीथ खेळायला बसला, चष्मा कपाळावर सारून.
मग डोळ्यांवर घेतला. ती ओळ वाचली.
परत वाचली.
बोलला काहीच नाही. पुरा निवडला.

पहिली खाण, पहिला खड्डा,
त्यानेच खणलेला, झोपेतही ओलांडेल असा.
तट्टू सरळ आत.

उडी मी तपासली होती. उडीत दोष नव्हता.
तो कानाकडे बघत होता.

मी मागे फिरवायचं बटण दाखवलं.
नको, म्हणाला, पडलो ते पडलो.
उरलेल्या दोन दिव्यांतला एक घेऊन
पुन्हा पहिल्या फळीवर उभा राहिला
आणि बराच वेळ
उडालाच नाही.