कड्यातून निसटलेली चौकट

सान्तियागोहून मला धाडलं एवढ्याचसाठी:
तिसऱ्या वेचणाऱ्या बायकांच्या मंडळाचा तक्ता काढायचा.
वर अध्यक्ष, मध्ये समिती, खाली एकशे बारा जणी,
मांडीपर्यंत रबरी बूट, हातात दाताळं.
पट्टी होती, पेन्सिल होती, चार दिवस होते.

इथं हुकूम कोणाचा, विचारलं.
सबेला म्हणाली, ओहोटीचा.
लिहिलं. मग खोडलं.

दुसऱ्या दिवशी चिखलात उतरलो.
प्रत्येकीच्या कमरेला एक पितळी कडं;
तिसरी त्यातून निसटली तर परत पाण्यात,
अडकली तर बादलीत.
ओब्दुलियानं माझ्यादेखत एक बारकी खिशात टाकली.
शेजारीण नुसती खाकरली.
खिशातली तिसरी गुपचूप चिखलात गेली.
आता हा बाण कुठून कुठे काढू?
खाकरण्याला चौकट नसते.

भिंतीवर एउदोसिया बसलेली, गुडघे गेलेले,
तरी महिन्याला अर्धा वाटा.
समासात मी लिहिलं: 'जास्तीची?'
बसायचे पैसे देता?
छे, सबेला म्हणाली, थुंकायचे.
रोज ती ओंजळभर खाडी तोंडात घेते, थुंकते.
जानेवारीत नदी फुगली,
पाण्यातला खारटपणा उतरत चालला,
ते यंत्राच्या दोन दिवस आधी
तिच्या जिभेला कळलं होतं.

त्या आठवड्यात लिलावात भाव दुप्पट झाला.
अध्यक्षांनी ठराव केला, असेल तेवढं काढा.
पहाटे पाहतात तर पश्चिमेच्या पट्ट्यावर
काठ्या रोवलेल्या, टोकाला लाल चिंध्या.
बंद.
कुणी रोवल्या, कुणी सांगितलं नाही.
'मग तुम्ही काय केलंत?'
ठराव फाडला, म्हणाले,
म्हणून तर अजून या खुर्चीवर आहे.

त्या वर्षी सगळ्यांनीच कमी खाल्लं.
दोघी सोडून गेल्या, एक स्वित्झर्लंडला, भांडी घासायला.
हे तक्त्यात येत नाही, पण झालं.

चौथ्या दिवशी कागद सबेलासमोर ठेवला.
रेषा सरळ होत्या, मी त्यावर खूश होतो.
तिनं कमरेचं कडं सोडलं,
माझ्या सगळ्यात वरच्या चौकटीवर ठेवलं.
चौकट आत मावली, चारी बाजूंनी जागा उरली.

बारकी आहे, ती म्हणाली.
परत सोड. वाढू दे.