दुतोंड्याला विचारून

त्र्यंबक रोडवरच्या हॉटेलात, एसी इतका
की केदू खैरनारने कानाला रुमाल बांधला,
तिथे स्टुडिओचा माणूस म्हणाला:
‘कादंबरीतली एक ओळ हलणार नाही.
चंद्री शिव्या देते, देईल.
शवागारातला दिवा फडफडतो, फडफडेल.
ए सर्टिफिकेट मिळालं तर ए. आम्ही घाबरत नाही.’
आणि थांबला,
टाळीसाठी जागा सोडतात तेवढा.

टाळी पडली. माझीही होती तीत.
खोटं कशाला बोलू.

मी सातपूरला बोल्ट तपासते.
एका हातात गो, एका हातात नो-गो.
शिरायला हवा तिथे शिरतो का,
अडायला हवा तिथे अडतो का,
एवढंच, अठरा वर्षं.
माणसांसाठी असलं गेज अजून निघालेलं नाही,
म्हणून आपले प्रश्न विचारायचे.

प्रगती गांगुर्डेने विचारला पहिला:
‘मागच्या वेळीही हेच म्हणाला होतात.
मग चंद्रीने तोंड उघडलं की
दर वाक्याला ट्रकचा हॉर्न.
शवागारात ट्रक कुठून आला?’
हॉल हसला. तोही हसला, आमच्यापेक्षा जास्त.
‘ती तेव्हाची टीम होती.’

तौसीफ उभा राहिला. वडाळ्यात पंक्चर काढतो.
‘थंड खोली’चे एक्केचाळीस भाग त्याच्याकडे,
प्लॅस्टिकच्या कव्हरात; अकरावा दोनदा,
कारण एक पुरात भिजला, आणि भिजलेला टाकवेना.
त्याने हळूच विचारलं,
‘पान एकशे बारा?’
बस्स.
ज्यांनी वाचलंय ते खुर्चीत सावरून बसले.
एकशे बारावर चंद्री बाळाच्या कागदावर
‘अपघात’ लिहू देत नाही.
स्टुडिओचा माणूस शेजारच्या मुलीकडे वळला,
तिने टॅबवर काहीतरी वर सरकवलं, खाली सरकवलं.
‘पान एकशे बारा आमच्या काळजाच्या अगदी जवळ आहे.’

काळजाच्या जवळ म्हणजे
पडद्यापासून किती लांब,
हे मी लिहून मागितलं.
त्याने पोस्टर दिलं. सही करून.

रात्री आम्ही नदीवर उतरलो, पोस्टरची सुरळी काखेत.
बाहेरगावच्यांना हे सांगावं लागतं:
पुराचे आकडे आमच्याकडेही क्यूसेकमध्ये येतात,
पण विश्वास बसतो तो दुतोंड्या मारुतीवर.
पाणी त्याच्या घोट्याला, कमरेला, छातीला;
गळ्याशी आलं की सराफ बाजार दुकानं उचलतो,
धरणावरून काही का सांगेनात.
केदू म्हणाला, ‘दोन तोंडं असून
हा एकदाही खोटं बोलला नाही बघ.
आणि त्याला तर एकच होतं.’
मी म्हटलं, हा बोलतच नाही, केदू.
हा पाण्यात उभा राहतो.

शुक्रवार. कॉलेज रोड. सकाळचा नऊ दहाचा खेळ.
तिकिटं काढलीच.
नावं ठेवायलासुद्धा आत बसावं लागतं.
लोक अजून जागा शोधत होते,
मोबाइलचे उजेड लोकांच्या गुडघ्यांवरून फिरवत.
तंबाखूचा इशारा झाला, दागिन्यांची जाहिरात झाली,
आणि तो कागद आला पडद्यावर.
दहा सेकंद.
सगळं थिएटर बोलत होतं. आम्ही चौघं
वाचत होतो, दहावीचा निकाल वाचावा तसे.
यू-ए.
बरं. तेवढं धरलेलंच होतं.
लांबी एकशे एकोणतीस मिनिटं.
तो म्हणाला होता एकशे शेहेचाळीस.

सतरा.
सतरा मिनिटांत माझे दीडशे बोल्ट होतात.
तौसीफच्या दोन ट्यूबा.
पान एकशे बारा, ओळीखाली बोट ठेवून,
अगदी सावकाश वाचलं तरी चार.
मग उरलेली तेरा कुणाची,
या हिशेबात मी होते
तेवढ्यात शवागारातला दिवा फडफडला.
लिहिलाय तसाच. आधी दोनदा, मग थांबून एकदा.

तौसीफने माझा हात दाबला.
आणि मी, नो-गो हातात धरून अठरा वर्षं काढलेली,
खुर्चीच्या कडेला येऊन बसले.