भुवईचा वाटा

आमची डिश आभाळाकडे बघत नाही.
इतक्या उत्तरेला उपग्रह जमिनीला टेकल्यासारखा असतो,
म्हणून ती क्षितिजाकडे तोंड करून उभी,
बर्फातल्या भोकापाशी सीलची वाट बघणाऱ्या माणसासारखी.
हलायचं नाही, शिंकायचं नाही.

तिच्यातून बाहेर जातात सेकंदाला दोन हजार किलोबिट.
तेवढ्यात शाळा, को-ऑपचं कार्डयंत्र,
धावपट्टीची हवामान-नोंद, दवाखाना,
आणि ज्यांचे खेळ पहाटेपर्यंत संपत नाहीत अशी पोरं.
मी वाटे घालते.

आई अर्धचंद्री उलूने सील फोडायची तेव्हा
काळीज कुणाला, फासळ्या कुणाच्या घरी,
हे तिला कुणी लिहून दिलं नव्हतं.
मला दिलंय. विनिपेगहून आलेली जाड वही:
आवाज आधी, चित्र नंतर.
ओढाताण झाली की चित्र सोडा, आवाज धरा.
आवाजाला बत्तीस. चित्राला उरेल ते.

मला पटलं होतं.
अकरा वर्षं मी तसंच वाढत आले.

फेब्रुवारीत तीन दिवस वादळ.
इपीलीच्या छातीत कळ, विमान येणार नाही.
पडद्यावर ओटावाची डॉक्टर, दुभाषी तिकडेच तिच्या शेजारी.
इकडची नर्स पाठमोरी, सुई भरत होती.
मी बोळात, रॅकपाशी, लॅपटॉप मांडीवर.

पाकिटांची रांग तुंबली.
नियमाप्रमाणे चित्र गोठलं,
आवाज लख्ख.

"कळ हातात उतरते का?"
इपीलीने उत्तर दिलं.
डॉक्टर थांबली. पुन्हा विचारलं, जरा मोठ्याने.
इपीलीने पुन्हा उत्तर दिलं.
"त्यांना ऐकू येतंय ना?"
त्याने तेही सांगितलं.

आमच्याकडे हो म्हणताना भुवया वर जातात,
नाही म्हणताना नाक आक्रसतं.
त्यात आवाज नसतो. कधी लागलाच नाही.

माझ्या आकड्यांत तो कॉल उत्तम होता:
गळती शून्य, थरथर बारा मिलिसेकंद.
फक्त त्याचा होकार खोलीच्या बाहेर पडत नव्हता.

"हो म्हणतोय तो!" मी बोळातून ओरडले.
"तिन्ही वेळा हो!"

त्या रात्री मुलीला कॅमेऱ्यासमोर बसवलं.
रंग काढून टाकले. चौकट तळहाताएवढी केली.
हो म्हण. नाही म्हण. परत हो म्हण.
छप्पन्न किलोबिटात कपाळ म्हणजे धुकं.
एकशे अठ्ठावीसात भुवई दिसते,
पण नाकाची सुरकुती पुसली जाते,
म्हणजे होकार पोचतो, नकार पोचत नाही.
असा कॉल कुणावर लादायचा?
आजाऱ्याला नाही म्हणता आलं पाहिजे.

एकशे ब्याण्णव.
एवढे बाजूला काढले, दवाखान्याच्या चेहऱ्याच्या नावाने,
काही झालं तरी कुणी हात लावायचा नाही.
कुणाच्या ताटातले काढले, तेही सांगते:
पोरांच्या खेळातले.
माझा जोआनासी दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

इपीली मेमध्ये परत आला, बारीक होऊन,
ओटावाच्या जेलीची नक्कल करत.
त्याला यातलं काही माहीत नाही.
मला बघून भुवया उडवतो, एवढंच,
आणि ते तर सगळ्यांनाच करतो.

बदलाच्या अर्जात 'कारण' असा रकाना असतो.
मी लिहिलं: नाक.

विनिपेगच्या साहेबाचा फोन आला.
नुसता आवाज, स्वच्छ, बत्तीसचा.
"हे तात्पुरतं आहे ना?"

मी उत्तर दिलं.

"हॅलो?" तो म्हणाला.
"हॅलो? आहात का?"