चार्ज यादीत न मावलेलं

मिसाळ सर,
यादीवर सही करायच्या आधी एवढं वाचा.
खुर्च्या अकरा, पैकी एक तीन पायांची.
नकाशे चार, वजनकाटा, ढोल,
सगळं नगानिशी लिहिलंय.
पाण्याला मात्र रकाना सापडला नाही.
'टाकी, सिमेंटची, एक नग'
एवढ्यावर थांबले.

पत्रे अठरा मीटर बाय सहा.
पन्हळीला पूर्वेकडे उतार आहे,
तिथं पारवे बसतात.
म्हणून सुरुवातीच्या दोन-तीन सरी घ्यायच्या नाहीत.
खालचं बूच काढून ठेवायचं
आणि जाऊ द्यायचं ते पाणी मैदानात.
गावातले लोक बांधावरून ओरडतील,
'बाई, सोन्यावाणी पाणी सोडून द्यायल्या!'
ओरडू द्या.
माझ्यावर सहा वर्षं ओरडले.

गाळणीतला कोळसा धुरपदाबाई बदलते.
खिचडीची चूल तिची, कोळसाही तिचाच.
बोअरच्या पाण्यात तिची डाळ
दुपारपर्यंत टणक राहायची.
मोठ्या पोरांचे दात बघा,
पिवळ्या-तपकिरी रेघा दिसतील.
पहिलीतल्यांचे अजून पडायचेत, नवे यायचेत.
ते पांढरे आले तर मला कळवा.
पत्ता मागच्या पानावर आहे.

चौसष्ट लेकरं, माणशी दीड लिटर.
वीस हजारांची टाकी दोनशे आठ दिवस पुरते,
बाकी बत्तीस लिटर.
हे गणित चौथीला दरवर्षी घालते मी.
दरवर्षी कुणीतरी विचारतं,
'बाई, बाकीचं पाणी कुणाचं?'

आता जे लिहायचं टाळत होते ते.

टाकीत वेळूची काठी आहे, तिच्यावर खुणा.
दिवाळी, संक्रांत, शिवरात्र,
सगळ्यात खाली, जवळजवळ बुडाशी, पाडवा.
मागच्या साली माघात
शनिवारची खूण सोमवारी सापडेना.
दोन बोटं पाणी कमी.
पुढच्या सोमवारी पुन्हा दोन.
मी वैजिनाथला उभं केलं.
त्याचे आईबाप कोयता घेऊन कारखान्यावर गेलेले,
तो मावशीकडं, शाळेच्या भिंतीला लागून.
घागर घेऊन जाताना त्याला कुणीतरी पाहिलं होतं.
कुणीतरी, एवढाच पुरावा.
'म्या न्हाई घेतलं, बाई,' म्हणाला,
मग बोललाच नाही.
महिनाभर शाळेत तो पाणी प्यायचा नाही.
दुपारच्या सुट्टीत घरी जायचा,
तेच बोअरचं खारं ढोसून यायचा.
मला दिसत होतं.

शिवरात्रीनंतर टाकीत उतरलो.
ईशान्येच्या कोपऱ्यात,
तळापासून वीतभर वर,
केसाएवढी भेग, आणि तिच्यातून
कडुनिंबाची मुळी आत आलेली,
लालसर, लेकराच्या करंगळीएवढी.
भोवतीची भिंत ओली.
सगळ्या गावात तेवढं एकच झाड
त्या वर्षी ऐन शिशिरात हिरवं होतं
आणि मी त्याच्याच सावलीत बसून
चोर शोधत होते.

भेग बुजवली. मुळी कापली.
झाड तोडा म्हणाले, नाही तोडलं.
बाकीचे बत्तीस लिटर त्याच्या नावावर टाकलेत,
दर रविवारी बुंध्याशी एक बादली.
तुम्ही हिशेब नव्यानं मांडाल तर मांडा.

वैजिनाथला मात्र मी काही बोलले नाही.
तोंडातून निघेना.
दुसऱ्या दिवशी टाकीच्या झाकणाची किल्ली
त्याच्या हातावर ठेवली, एवढंच केलं.
त्यानं किल्लीकडं पाहिलं, माझ्याकडं नाही.
संध्याकाळी मात्र नळाखाली ओंजळ धरली
आणि किती तरी वेळ पीत राहिला.

आता तो सातवीत आहे.
किल्ली करदोट्याला बांधलेली असते.
यादीत मी 'कुलूप, एक' लिहिलंय,
'किल्ली' लिहिलेली नाही.
तेवढी तफावत राहू द्या.
त्याच्याकडून मागून घेऊ नका.
जूनमध्ये तो मोठ्या शाळेत जाईल,
तेव्हा कुणाला द्यायची
ते त्यालाच ठरवू द्या.

काठी दाराच्या मागं उभी आहे.
काल संध्याकाळी पाडव्याच्या खुणेवर चार बोटं होतं.