तोंडाचा वास

बिडी सोडली की आधी नाक परत येतं.
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
बारा-तेरा दिवस झाले असतील,
सायकलवरून बोपोडीचा पूल चढत होतो
आणि मुळा एकदम नाकात शिरली,
अख्खी, गटारासकट.
एकवीस वर्षं हिच्यावरून जातोय
आणि ही अशी आहे?
थांबून एकटाच हसलो.

औंधच्या सरकारी दवाखान्यातल्या बाई म्हणालेल्या,
चघळायच्या गोळ्या असतात,
आमच्याकडच्या संपल्यात, बाहेर मिळतील.
बाहेर एक गोळी बारा रुपये, दिवसाला आठ.
केमिस्टसमोर बोटांवर हिशेब केला
आणि वाण्याकडून लवंग घेतली.
लवंग, धनाडाळ,
रात्रपाळीत प्रांजलचा खोडरबरसुद्धा चावला.
तिला सांगू नका.

बालेवाडीतल्या आमच्या सोसायटीत
बी विंगचे सौमित्र सर त्याच आठवड्यात सोडत होते.
आधी आम्ही एका काडेपेटीचे,
ट्रान्सफॉर्मरच्या आडोशाला.
काडी ते मागायचे.
आता त्यांच्या हातात पेनासारखं काहीतरी,
मेहुण्याने दुबईहून आणलेलं.
ओढलं की टोकाला निळा दिवा,
सोडलं की हापूस.
फेब्रुवारीत, बेसमेंट दोनमध्ये, हापूस!
"शेषेराव, हा धूर नाही, वाफ आहे."
"याच्यावर बंदी आहे ना, सर?"
"विकण्यावर आहे," म्हणाले, आणि हसले.
टपरीवाल्या गफूरला विचारलं.
तो म्हणाला, मिळतं की,
तुला नाही मिळणार.

व्हिजिटर रजिस्टरच्या शेवटच्या पानावर
मी रेघा मारत होतो.
लोकांची नावं पुढून, माझे दिवस मागून.
रोजचे वाचलेले वीस रुपये
तुपाच्या रिकाम्या डब्यात.

सत्तेचाळिसाव्या रात्री बेसमेंटचा अलार्म वाजला.
सगळे खाली, झोपेच्या कपड्यांत,
एक कुत्रा कडेवर.
सेक्रेटरी पाटणकर मॅडम म्हणाल्या,
"तोंड उघडा."
उघडलं.
चव्वेचाळीस वर्षांचा माणूस
शाळेच्या तपासणीतल्या पोरासारखा
आ करून उभा.
त्या वाकल्या.
त्यांच्या हाताच्या क्रीमला मोगऱ्याचा वास होता,
चेअरमनच्या अंगाला दारूचा,
आणि खांबामागून, अजून विरला नव्हता,
हापूस.
मला सगळं येत होतं.
त्यांना फक्त लवंग आली.
"लवंग कशासाठी खातात, ठाऊक आहे आम्हाला."

सौमित्र सर गर्दीत होते.
खाली वाकून बुटाची लेस बांधत होते.
बराच वेळ.

दंड हजार रुपये.
डब्यातून नऊशे चाळीस निघाले.
वरचे साठ बायकोने दिले,
काही विचारलं नाही.
तिने विचारायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सर केबिनशी आले.
"सॉरी यार," म्हणाले.
यार पहिल्यांदाच.
आणि जुनी नळी टेबलावर ठेवली, वायरसकट.
"घे. हिने सुटते."
माझी सुटलेलीच होती,
पण हे वाक्य ते लिफ्टमध्ये गेल्यावर सुचलं.

खोलीत प्लग एकच.
मोबाइल काढून नळी लावली.
दिवा दोनदा लुकलुकला, विझला.
आतलं पाणी संपलेलं.
सरांनी बोलता बोलता किंमत सांगितली होती त्याची,
माझी पाच दिवसांची हजेरी.
प्रांजलने ती नाकाशी धरली.
"पप्पा, आंबे आणले?"
"अजून महाग आहेत," म्हटलं.

रात्री गफूरने न मागता बंडल पुढे केलं.
मी ते हातात घेतलं, हुंगलं.
कोरडं पान, दोरा, तंबाखू.
एवढी वर्षं ओढली,
वास आज पहिल्यांदा कळला.
चांगला होता, खोटं कशाला बोलू.

आज नवं रजिस्टर मिळालंय.
जुनं ऑफिसात जमा, माझ्या रेघांसकट.
शेवटचं पान उघडून बसलोय,
अठ्ठेचाळीस मांडू की एक,
ठरत नाही.
बाहेर हॉर्न वाजतोय.
बी विंगची गाडी असावी.
वाजू दे जरा.